व्हायरसची निर्दोष सुटका

सुरगाण्यात एखादा कॉम्प्युटर चालू होईनासा झाला की भोवती जमलेल्यांपैकी जो पहिल्यांदा तोंड उघडतो, तो म्हणतो, "व्हायरस आला असंल." हा माणूस कोण, याला महत्त्व नाही. तो गुरुजी असतो, शिपाई असतो, जातीच्या दाखल्यासाठी आलेला उमेदवार असतो, कधी नुसता चहा घेऊन आलेला पोरगा असतो. भिंतीतल्या सॉकेटमधून पिन निम्मी बाहेर लोंबत असली तरी निदान बदलत नाही. दुसरा माणूस मान हलवतो आणि शिक्षा सुनावतो, "फॉरमॅट मारून टाका." पंचनामा, खटला आणि फाशी, सगळं चहा निवायच्या आत उरकतं.

या आरोपीचं वकीलपत्र कुणीतरी घ्यायला हवं, म्हणून हा लेख. आरोपीचा पूर्वेतिहास स्वच्छ आहे असं माझं म्हणणं नाही. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या नेमक्या त्या जागी जाऊन बसायचा, जिथून कॉम्प्युटर चालू होताना पहिलं वाचन करतो. भाऊ इतके सरळ, की व्हायरसच्या आत त्यांनी आपली नावं, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते. आपल्याकडे दुकानदार पावतीवरसुद्धा एवढं देत नाही. पुढे 26 एप्रिल 1999 ला तैवानमधल्या एका विद्यार्थ्याच्या 'सीआयएच'ने जगभरचे कॉम्प्युटर आडवे केले. त्याने हार्ड डिस्क तर पुसलीच, पण काही मदरबोर्डांवरच्या, कॉम्प्युटरला चालू कसं व्हायचं ते सांगणाऱ्या बायोसच्या चिपमध्येही हात घातला. बटण दाबा, पंखा फिरतो, पडदा काळा. हे सगळं मान्य. पण जुन्या गुन्ह्यांच्या यादीवर नव्या गुन्ह्याची शिक्षा देत नाहीत. शिवाय आमच्या तालुक्यात कितीतरी पाड्यांवर नेट इतकं बेतानं येतं, की व्हायरसला यायचंच झालं तर पेनड्राइव्हवर बसून एसटीने यावं लागेल.

गावात दुरुस्तीचं एक दुकान आहे, तिथे मी बसायला जातो. एक गाळा, एक टेबल, टेबलावर पोट उघडून ठेवलेले डबे आणि स्ट्रॉबेरीच्या खोक्यांत वर्गवारीने भरलेले मदरबोर्ड. बोरगाव-घागबारीकडे स्ट्रॉबेरी व्हायला लागली, त्याचा शेतकऱ्यांना काय फायदा झाला तो झाला, पण सुट्या भागांची सोय झाली. दुकानदाराचं नाव छापलं तर त्याचा फोन आणखी वाजेल, म्हणून छापत नाही. गावात त्याला सगळे 'सर' म्हणतात. कॉम्प्युटरला न घाबरता हात लावणाऱ्या माणसाला सुरगाण्यात ही पदवी आपोआप मिळते. त्यासाठी कुणाला काही शिकवावं लागत नाही.

दुकानात येणाऱ्या माणसाची जबानी ठरलेली.

"काल संध्याकाळपर्यंत चांगला चालू होता."

"मग काय झालं?"

"कायच नाय."

"कुणी हात लावला?"

"कुणीच नाय, सर. बंद होता."

बंद असलेला, कुणीही हात न लावलेला, कायच न झालेला कॉम्प्युटर रातोरात आपल्या आपण बिघडतो, असं या जबानीवरून कुणालाही वाटेल. सर काही बोलत नाहीत. ते स्क्रू काढत राहतात. खरी जबानी तिसऱ्या स्क्रूला सुरू होते. "तशी लाईट जरा गेली होती." चौथ्या स्क्रूला, "पोरानं कुठलं तरी गेम टाकलं म्हणं." झाकण निघालं की, "फरशी पुसताना आमच्या हिनं जरा सरकवला होता, पण थोडासाच." पोलिसांनी थर्ड डिग्रीऐवजी स्क्रू ड्रायव्हर वापरून पाहावा, असं मला नेहमी वाटतं.

डबा आणण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. उंबरठाण, बाऱ्ह्याकडची माणसं सीपीयू युरियाच्या रिकाम्या गोणीत बांधतात आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन येतात. ज्याला जास्त काळजी, तो मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, स्पीकर, सगळा संसार घेऊन येतो. एकाने माऊसखालचा पॅडसुद्धा आणला होता; दोष नेमका कशात आहे ते आपण कोण ठरवणार, ही त्यामागची नम्र भावना. आणि मग व्हायचं तेच होतं. सर वायर जोडतात, बटण दाबतात आणि कॉम्प्युटर चालू होतो. बिनतक्रार, गाणं वाजवत. मालकाचा चेहरा पाहवत नाही. "घरी होत नव्हता हो! आईशप्पथ होत नव्हता!" तो खोटं बोलत नसतो. घरच्या सॉकेटमधली पिन ढिली असते, किंवा आतली रॅम खाचेतून किंचित वर आलेली असते आणि घाटातल्या एखाद्या खड्ड्याने ती पुन्हा जागेवर बसवलेली असते. रस्त्यांवर एवढी टीका होते, पण त्यांनी केलेल्या मोफत दुरुस्त्यांची नोंद कुणीही ठेवलेली नाही.

या धंद्यातला पहिला प्रश्न वैद्याच्या नाडीइतका जुना आहे: "लाईट येते का?" त्यावरून रोगी दोन जातींत विभागतात. एक, ज्यांची लाईटच येत नाही. दोन, ज्यांची लाईट येते, पंखा फिरतो, पण चित्र येत नाही.

पहिल्या जातीत वीज आणि पाऊस यांचं संगनमत असतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे नाशिक जिल्ह्यातले पावसाचे तालुके. येवला-सिन्नरकडे ढग शोधावे लागतात, तेव्हा आमच्याकडे भिवतासचा धबधबा पाहायला गाड्या लागलेल्या असतात. नार-पारचं पाणी वाहत गुजरातेत जातं, ओल मात्र इथेच राहते. ती भिंतीत शिरते, भिंतीतून बोर्डात शिरते, बोर्डातून वायरीत. त्यात वीज अशी येते, जाते, पुन्हा येते, आणि येताना कधी बल्ब लाल दिसावा इतकी अशक्त असते, तर कधी पंखा छताला घेऊन उडेल इतकी जोरात. हा सगळा मारा डब्याच्या मागच्या कोपऱ्यात बसलेला एसएमपीएस सोसतो. भिंतीतल्या 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करून आत वाटायचे, हे त्याचं काम. वाटप नीट व्हायला लागलं की तो मदरबोर्डला एक निरोप पाठवतो. त्या निरोपाचं इंग्रजी नाव 'पॉवर गुड' असं आहे. हा निरोप आल्याशिवाय प्रोसेसर जागचा हलत नाही. सगळं ठीक असल्याचा अहवाल वर जाण्याची पद्धत आपल्याकडे सगळ्याच खात्यांत आहे. फक्त एसएमपीएस तो अहवाल सगळं खरोखर ठीक असेल तरच पाठवतो, म्हणून त्याच्याकडचे कॉम्प्युटर बंद राहतात आणि बाकीची खाती चालू राहतात.

जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर एक छोटं लाल बटण असायचं, 115 आणि 230 असं लिहिलेलं. अमेरिकेतल्या विजेसाठी एक बाजू, आपल्यासाठी दुसरी. हे बटण नेमकं लहान मुलांच्या उंचीवर आणि नेमकं लहान मुलांच्या आवडीच्या रंगात का केलं असेल, हे त्या कंपन्यांनाच ठाऊक. पोराने ते 115 कडे सरकवलं आणि वडिलांनी बटण दाबलं की फटाक्यासारखा आवाज होतो आणि खोलीभर जळका वास पसरतो. त्यानंतरची जबानी: "कायच नाय केलं, सर. व्हायरस असंल."

आणि मग पाल. मनात शंकेची पाल चुकचुकते असं आपण म्हणतो. सुरगाण्यात ती एसएमपीएसमध्ये चुकचुकते. पावसाळ्यात उबदार, कोरडी आणि जाळीच्या आतली सुरक्षित जागा तिला आणखी कुठे मिळणार? ती आत शिरते, दोन ठिकाणी पाय ठेवते, आणि पुढचं सांगवत नाही. कधी मुंग्यांनी अंडी घातलेली असतात, कधी उंदराने डेटा केबल कुरतडलेली असते. एकदा सरांनी झाकण काढलं तर आत तांदळाचे दाणे आणि सुतळीचे तुकडे निघाले. उंदीर घर करून राहत होता. डबा गोदामाच्या खोलीत होता हे मालकाने तेव्हा सांगितलं. तोवर तो ठामपणे अँटिव्हायरसची किंमत विचारत होता.

दुसरी जात अधिक रंजक. लाईट येते, पंखा फिरतो, चित्र नाही. इथे कॉम्प्युटर स्वतः बोलतो, पण त्याचं ऐकायला कुणी शिकलेलं नसतं. बटण दाबल्यावर तो आधी स्वतःची तपासणी करतो: प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवायची सोय आहे का, कीबोर्ड आहे का. काही नसेल तर पडदा लागायच्या आधी शिट्ट्या मारतो. लांब, आखूड, पुन्हा पुन्हा. कंपनीप्रमाणे या शिट्ट्यांचे अर्थ बदलतात. एका जुन्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्राच्या कार्डाची तक्रार. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बटाटे शिजले हे ज्यांना कळतं, त्यांना हे कळायला हरकत नव्हती. अडचण अशी की शिट्टी मारणारा तो चिमुकला स्पीकर जुळणी करून घेतलेल्या स्वस्त डब्यात बसवलेलाच नसतो. दहा-वीस रुपये वाचवून माणसाने यंत्राची वाचा काढून घेतलेली असते, आणि मग तोच म्हणतो, "काही कळत नाही काय झालंय ते."

मग सर टेबलाच्या खणातून खोडरबर काढतात. हा क्षण मला फार आवडतो. समोर ज्याने तीस-पस्तीस हजार रुपये मोजलेत असा माणूस उभा असतो, नाशिकला एम.जी. रोडला मोठ्या दुकानात दाखवू का, या विचारात असतो, आणि सर तिसरीतल्या मुलाच्या दप्तरात असतो तसला पांढरा खोडरबर घेऊन रॅमच्या सोनेरी दातांवर घासायला लागतात. ओलीने आणि धुळीने त्या पट्ट्यांवर थर धरतो, वीज नीट पोचत नाही, खोडरबराने थर जातो. शास्त्र एवढंच. घासून झालं की भुसा फुंकायचा नाही, ब्रशने झटकायचा, कारण फुंकेबरोबर थुंकी जाते. रॅम खाचेत बसवायची, दोन्ही कडांना टक् असा आवाज येईपर्यंत दाबायची. बटण. चित्र. मालक खूश होण्याऐवजी दुखावतो. एवढ्या महागड्या वस्तूचा आजार एवढ्या स्वस्त वस्तूने बरा व्हावा हा त्याला अपमान वाटतो. "व्हायरस नव्हता?" असं तो विचारतो, आणि त्या आवाजात खरी निराशा असते.

1960 च्या सुमाराला मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'टिफ्रॅक' नावाचा कॉम्प्युटर स्वतः बांधून चालू केला, त्यात सुमारे 2700 व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्यातली एखादी गेली तर ती कोणती हे शोधायचं! त्या मंडळींना जर कुणी सांगितलं असतं, की पुढे सगळी स्मृती करंगळीएवढ्या रुंदीच्या दोन पट्ट्यांत मावणार आहे आणि लोक तरीही त्या काढून बघणार नाहीत, तर त्यांचा विश्वास बसला नसता.

हल्ली दुकानापर्यंत यायच्या आधी लोक सरांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात. यामागची कल्पना चांगली आहे. पडद्यावर काय लिहून आलंय ते सर वाचतील आणि फोनवरच उपाय सांगतील. प्रत्यक्षात फोटोच्या बरोबर मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा असतो आणि तो गोळा जिथे मजकूर आहे तिथेच असतो. उरलेल्या काळ्या काचेत फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब दिसतं: बर्म्युडा, बनियन, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे, दाराच्या चौकटीत कुतूहलाने उभी असलेली आजी. फोटोखाली लिहिलेलं असतं, 'सर इंग्लिश मध्ये काहीतरी आले आहे'. सर उत्तर देतात, 'काय आलंय ते वाचून सांगा'. त्यावर तोच फोटो, आडवा करून, पुन्हा येतो.

ते जे 'इंग्लिश मध्ये काहीतरी' असतं, ते बहुतेक वेळा सरळ, सभ्य वाक्य असतं. चालू करण्यासाठी योग्य ती डिस्क निवडा, असं कॉम्प्युटर सांगत असतो. म्हणजे समोर यूएसबीला एक पेनड्राइव्ह लावून विसरलेला आहे, कॉम्प्युटर त्यावर विंडोज शोधतोय, आणि त्याला तिथे कुणाच्या तरी हळदीचे फोटो सापडताहेत. पेनड्राइव्ह काढला की सगळं सुरळीत. एमकेसीएल ही संस्था 2001 साली निघाली आणि तिच्या एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात घरोघरी एक प्रमाणपत्र पोचवलं. कोल्ड बूटिंग म्हणजे काय आणि वॉर्म बूटिंग म्हणजे काय याची व्याख्या आमच्याकडे वीस वर्षांच्या नोकरीनंतरही तोंडपाठ असते. समोरचा पेनड्राइव्ह काढून पाहा, हे मात्र त्यात नसावं.

आता मला सर्वांत प्रिय असलेला आजार सांगतो. मदरबोर्डवर एक गोल, चपटा सेल असतो, सीआर 2032 नावाचा, तीन व्होल्टचा, किंमत तीसेक रुपये. लाईट नसतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही वर्षांनी तो संपतो. संपला की कॉम्प्युटर चालू तर होतो, पण आधी एफ1 दाबा म्हणून अडून बसतो, आणि चालू झाल्यावर त्याची समजूत असते की आज 1 जानेवारी 2009 आहे. त्याची काही चूक नाही. मदरबोर्ड ज्या सुमाराला घडला, तिथपर्यंतच त्याला आठवतं.

गंमत पुढे आहे. उत्पन्नाचा दाखला काढायला माणसं बाकावर बसलेली आहेत, चालवणारा मुलगा सरकारी संकेतस्थळ उघडतो, आणि ते उघडत नाही. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडेही एक दाखला असतो, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असा. 2009 सालात बसलेला कॉम्प्युटर तो दाखला पाहतो, त्यावर पुढच्या सोळा-सतरा वर्षांनंतरची तारीख वाचतो, आणि अव्वल कारकुनाच्या कडकपणे म्हणतो, हा दाखला चालणार नाही. ब्राउझर बिचारा 'तुमचं घड्याळ मागे आहे' असं स्पष्ट लिहूनही दाखवतो. ते कोण वाचतो? मुलगा बाकाकडे वळून जाहीर करतो, "साइट बंद आहे. उद्या या."

ज्यांना 'उद्या या' सांगितलं जातं, त्यांच्याबद्दल एक शब्द. 2018 च्या मार्चमध्ये याच तालुक्यातली कितीतरी माणसं वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईला चालत गेली, सुमारे 180 किलोमीटर, पायांची सालं निघेपर्यंत. त्यामुळे 'उद्या या' म्हटल्यावर ती चिडत नाहीत, मुकाट उठतात आणि उद्या येतात. त्यांच्या या सहनशक्तीवर किती तीस रुपयांचे सेल बदलायचे राहून गेलेत, याचा हिशेब कुणीतरी करायला हवा. सेल बदलायला नाण्याएवढा अवकाश आणि दोन मिनिटं लागतात.

सेल बदलल्यावरही तारखेचा घोळ पूर्ण सुटत नाही, कारण बहुतेक कॉम्प्युटरांत देश म्हणून अमेरिका निवडलेली असते. विंडोज टाकताना 'पुढे, पुढे, पुढे' दाबत गेलं की माणूस अमेरिकेतच निघतो. महिना आधी, दिवस नंतर. 5 जुलैचा अर्ज 7 मेचा होतो. 2022 च्या शेवटी सुविधा मिळत नाहीत म्हणून आमच्या तालुक्यातल्या काही सीमेवरच्या गावांनी गुजरातेत जाऊ द्या अशी मागणी केली, तेव्हा केवढा गहजब झाला होता. टेबलावरचा कॉम्प्युटर वर्षानुवर्षं अमेरिकेत जाऊन बसलाय, त्याच्याकडे कुठला मंत्री धावत आला नाही.

धूळ हा विषय तसा किरकोळ, पण तिच्यावरचा गावठी उपाय सांगायलाच हवा. प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीचं घोंगडं बसलं की उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्युटर चालू होऊन पाच मिनिटांत स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. ब्लोअर सगळ्यांकडे नसतो. मग डबा उचलून पंक्चरच्या दुकानात नेतात आणि ट्रकच्या टायरात हवा भरायच्या नळीने आत हवा मारतात. धूळ निघते, यात शंका नाही. सोबत कॉम्प्रेसरमधलं पाणी आणि तेलाचा फवाराही आत बसतो, आणि पंखा इतक्या वेगाने फिरतो की पंक्चरवाला आनंदाने ओरडतो, "बघा, चालू झाला!" हवा मारायचीच असेल तर पंखा बोटाने धरून ठेवा आणि नळी हातभर लांब ठेवा, असं सर सांगून थकले.

कपॅसिटरचंही तसंच. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या मदरबोर्डांत खराब रसायनाचे कपॅसिटर बसले होते. ते फुगायचे, गळायचे आणि कॉम्प्युटर चार-पाचदा बटण दाबल्यावर एकदा चालू व्हायचा. नागलीची भाकरी फुगली की साधली असं समजतात, कपॅसिटर फुगला की बिघडला. एवढं लक्षात ठेवलं तर झाकण उघडून कुणालाही पाहता येतं. डोकं सपाट हवं.

आता माझ्या अशिलाच्या बाजूचा शेवटचा आणि सर्वांत भक्कम पुरावा. 19 जुलै 2024 ला जगभरचे सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर एकाच दिवशी चालू होईनासे झाले. निळा पडदा, त्यावर रडका चेहरा, पुन्हा चालू, पुन्हा निळा पडदा. विमानं अडकली, रुग्णालयं अडकली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. सगळ्या जगाने तोंड उघडलं ते आमच्या सुरगाण्यासारखंच: व्हायरस! पण निघालं काय? क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने, म्हणजे हल्लेखोरांना बाहेर ठेवण्यासाठी ज्यांना पैसे दिले होते त्या रखवालदारांनीच, आपल्या सॉफ्टवेअरला एक सदोष फाइल पाठवली होती. जगातल्या सर्वांत मोठ्या 'चालू होत नाही' प्रकरणात व्हायरस घटनास्थळी हजरच नव्हता. आणि यंत्रं चालूच होत नसल्यामुळे दूरवरून दुरुस्ती करता येईना. ठिकठिकाणी माणूस पाठवून, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल हाताने पुसावी लागली. त्यातही मायक्रोसॉफ्टने आपल्या काही ग्राहकांना काय सांगितलं? बंद करून चालू करा. पुन्हा करा. पंधरा वेळांपर्यंत करावं लागल्याचं काहींनी कळवलं आहे, पण उपाय लागू पडतो. हे मी दुकानात वाचून दाखवलं, तेव्हा सरांनी काही न बोलता चहा मागवला. हाच सल्ला ते फुकट देत आलेत आणि लोक त्यांना म्हणत आलेत, "सर, नीट बघा ना."

रडक्या चेहऱ्याचा तो निळा पडदा कंपनीने 2025 मध्ये काळा केला आणि चेहराही काढला. दोषात फरक नाही, सुतकाचा रंग बदलला.

राहता राहिला 'फॉरमॅट'. ही शिक्षा सुनावणाऱ्याला त्यात काय जातं ते माहीत नसतं. जो शहाणा आहे तो म्हणतो, "माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, मारा खुशाल." आणि मग पंधरा दिवसांनी येऊन विचारतो, "सर, डेस्कटॉपवर मुलीच्या लग्नाचे फोटो होते, ते कुठं गेले?" डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये राहतो. लोकांना वाटतं तो काचेवर राहतो. बंद कॉम्प्युटरचा फॉरमॅट हा पाल, सेल, पिन, धूळ आणि पेनड्राइव्ह या सगळ्यांची चौकशी संपल्यावरचा उपाय आहे. शिवाय पाल मारून एसएमपीएस जळला असेल तर फॉरमॅट मारायलाही लाईट येत नाही.

तेव्हा तुमच्याकडचा डबा बंद पडला तर जीप पकडण्याआधी एवढं करा. पिन काढून दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा. मागचं बटण पाहा. पेनड्राइव्ह काढा. एकदा बंद करून, दहापर्यंत आकडे मोजून चालू करा. तारीख वाचा. पडद्यावर आलेलं वाक्य फ्लॅश बंद करून टिपा, किंवा कागदावर उतरवा. चुकलं तरी चालेल, सर ओळखतात. एवढं करूनही झालं नाही तर नुसता सीपीयू आणा, मॉनिटर घरीच राहू द्या. आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आणा. तो पोराच्या जन्मतारखेचा असेल, तर कोणत्या पोराच्या तेही लिहा.